फुकटचं पान

बिरसी, नोव्हेंबर २०१३

प्रिय ओमेश्वर,

मधे उघडलेल्या पानांत एक बादशाह, तुझ्या हातात दोन बादशाह, आणि तू म्हणालास ‘पास’. एकदा म्हणालास ते मी समजू शकते, माणसाचं लक्ष नसतं कधी. पण पुढचं पान उघडल्यावर पुन्हा ‘पास’! त्या डावाला आता तिसरी दिवाळी उलटली, तरी तो माझ्या डोक्यातून जात नाही. परवा दहावीच्या वर्गात संभाव्यता शिकवताना फळ्यावर पत्त्यांचं उदाहरण घेतलं, आणि तुझे ते बादशाह आठवून अशी चिडले की हातातला खडू मोडला. पोरींना वाटलं बाईंचं घरी काहीतरी बिनसलंय. बिनसलेलं आहेच, पण ते ओघाने येईल. आता तू म्हणशील, फोन असताना हे पत्र कशाला? तर फोनवर तू ‘हो, हो, बघू’ म्हणतोस, मागे तुझा पंप घरघरत असतो, आणि महत्त्वाचं काही आलं की तुझ्या गावातली रेंज नेमकी जाते. पत्राचं तसं नसतं. हे शेवटपर्यंत वाच, आणि मधेच उठून धानाच्या बांधीवर जाऊ नकोस.

आमच्या वरच्या दोन्ही खोल्या आता रिकाम्या आहेत. एकीत आईने वाळलेली मोहाची फुलं भरून ठेवली आहेत आणि दुसरीत, म्हणजे तुझ्या, दादाने खताची पोती रचली आहेत. तिथे जाऊन बसलं की मला ते दिवस आठवतात, आणि राग येतो. तू विमानतळाच्या स्टोअरमध्ये नोकरीला, समोरच्या खोलीत विमान चालवायला शिकायला आलेला घनश्याम, आणि आभाळ भरून आलं की दोघेही बेकार. विमानं जमिनीवर, घनश्याम आमच्या ओसरीवर. त्या जोधपूरच्या पोराला भात चालायचा नाही, चहा मात्र दिवसभर चालायचा. त्यानेच आपल्याला हा खेळ लावला. टिकेशदादाला वाटलं होतं तीन पत्तीच असेल, जरा साहेबी कपड्यातली. पण इथे प्रत्येकाला चार पानं, आणि मधे सगळ्यांची मिळून पाच. आधी तीन एकदम उघडायची, मग चौथं, मग पाचवं. आपल्या चारांतली नेमकी दोन आणि मधली तीन घेऊन हात बनवायचा. बोली किती लावायची, तर जास्तीत जास्त मधल्या ढिगाइतकी. बाबांनी घरात पैसा लावायला साफ मनाई केली म्हणून मागच्या चिंचेचे चिंचोके आले, आणि सगळ्यात मागे राहील त्याने आठवडाभर सगळ्यांचा चहा करायचा असं ठरलं. धनवंतावहिनी त्या चहासाठीच खेळायला बसली, हे तिने नंतर कबूल केलं.

मला वाटायचं, मी गणिताची बाई, हा खेळ माझ्या हातचा मळ. कसला मळ! हातात दोन एक्के आले की मी मनातल्या मनात चिंचोके मोजायला लागायची, आणि शेवटच्या पानाला वहिनीच्या सत्त्या-अठ्ठ्या ओळीने येऊन बसायच्या. चार पानांमुळे प्रत्येकाच्या हाताला इतक्या वाटा फुटतात की आत्ता सगळ्यांत मोठा असलेला हात दोन पानांनंतर कुठे फेकला जाईल त्याचा नेम नसतो. मी पानं आपटायची, आणि घनश्याम चहाचा कप बाजूला सरकवून शांतपणे म्हणायचा, “दीदी, अभी आप आगे हो. अभी. जो पीछे है, उसको अगला पत्ता मुफ्त में मत दिखाओ. पूरी बोली लगाओ, देखना है तो भरके देखे.” आणि दुसरं म्हणायचा, “पत्ता बिगड़ गया तो हाथ छोड़ दो. एक्के से शादी थोड़े हुई है आपकी.” मी शाळेतून आल्यावर कागद घेऊन बसले आणि ते पडताळून पाहिलं. मधल्या तीन पानांवर तुमचे तीन बादशाह झाले आहेत, समोर एकजण क्रमाच्या, म्हणजे ओळीने पाच पानांच्या मागे आहे आणि दुसरा रंगाच्या, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांच्या मागे, आणि ती दोन्ही तीन बादशाहांना मारतात, तर शेवटी तुमचा हात टिकण्याची शक्यता निम्म्याच्याच आसपास येते, कधी तेवढीही नाही. हे मी तुला समजावून सांगितलं होतं. तू तांदळातले खडे निवडावेत तसं एकेक मुद्द्यावर मान हलवलीस, आणि म्हणालास, कळलं.

काय कळलं तुला, ते पोळ्याच्या आधी दिसलं. घनश्याम त्याचे विमानाचे तास पूर्ण करून गेला होता. आपण चौघंच, तू, मी, दादा आणि वहिनी. डाव सुरुवातीलाच तापला, सगळ्यांनी मूठमूठ चिंचोके मधे टाकले. मग तीन पानं उघडली. चौकटचा बादशाह, बदामची दश्शी, बदामची अठ्ठी. माझ्याकडे राणी, गुलाम, नव्वी. एक पान जरा बरं पडलं असतं की माझी पाच पानं ओळीने लागली असती, म्हणून मी वेणीचं टोक ओढत बसले होते. वहिनीकडे बदामचा एक्का आणि बदामची पंजी, म्हणजे ती रंगाच्या मागे. आणि तू दोन बादशाह घेऊन, सगळ्यांच्या पुढे, भिंतीला टेकून निवांत. बोली लावायची तुझी वेळ आली. वहिनीचा स्वभाव तुला माहीत होता, समोरून ढिगाएवढी बोली आली की ती ‘मायं दूध उतू जाते’ म्हणून पानं टाकून आत पळायची. तू लावायची होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, पास. किलवरची तिर्री पडली, कुणाच्या कामाची नाही. अजूनही तूच पुढे. पुन्हा पास. आणि शेवटचं पान बदामची दुर्री. वहिनी म्हणाली, “माये बदामच बदाम झाले ना व? हे चालते का?” आणि ढिगाएवढे चिंचोके पुढे सारले. तिसऱ्या वर्गातल्या पोरालाही कळलं असतं की आता तुझा हात गेला. तरी तू मुकाट्याने तेवढेच भरलेस आणि बादशाह उलटे करून दाखवलेस. दादा लोळून हसत होता. तुझ्यापुढे एकही चिंचोका उरला नव्हता.

मी हसले नाही. मी तुला मागच्या दारी, हापशीपाशी गाठून विचारलं, काऊन असं केलंस? तू हात धुत म्हणालास, “तुयं काही लागायचं होतं. तू वेणी ओढून राहिली होतीस. मी बोली लावली असती तर तुले पानं टाकावी लागली असती.” म्हणजे मला शेवटचं पान बघायला मिळावं, म्हणून तू स्वतःचा हात मोडून घेतलास. ओमेश्वर, तेव्हा मला आत कुठेतरी फार बरं वाटलं होतं, ते आता लिहून टाकते. पण त्याच क्षणी डोकंही फिरलं होतं. कुणी मागितलं होतं तुझ्याकडे ते फुकटचं पान? मला काही लागलं नाही, तुझंही गेलं, आणि वहिनीने आठवडाभर गादीवर बसून तुझ्या हातचा चहा प्यायला, वर आलं कमी आहे म्हणून नाव ठेवलं.

बरं, इकडची खबर. दादाने नवा ट्रॅक्टर घेण्याचं पुन्हा पुढे ढकललंय. वहिनीची शिलाई मशीन जोरात आहे, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेआधी गावातल्या निम्म्या बायांचे ब्लाउज तिच्याकडे पडून आहेत आणि निम्म्या बाया ओसरीवर. बाबांना साखर निघाली. डॉक्टरांनी चहात साखर बंद केली, तेव्हापासून ते घरातल्या प्रत्येकाच्या कपाकडे संशयाने बघतात. विमानं अजून आमच्या धानावरून घिरट्या घालतात, कापणीवरच्या बाया आता मान वरही करत नाहीत. घनश्यामचा मेसेज आला होता, तो कुठल्याशा कंपनीत को-पायलट झालाय. शेवटी विचारलंय, ‘ओम भैया अभी भी पास बोलता है क्या?’ मी उत्तर दिलं नाही. काय देणार होते?

कारण तू अजूनही तेच करतोस. गेल्या वर्षीचं तुझं धान घे. वडील गेले म्हणून तू नोकरी सोडून इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठी तुझ्या गावी गेलास, आणि पहिल्याच हंगामात असं पीक उभं केलंस की तुझे केशोरावकाका बांधावर उभे राहून ज्याला त्याला दाखवत होते. कापणी झाली. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत पसरलेल्या, वाळत. आता भारे बांधायचे आणि गंजीसारखं पुंजणं रचायचं, एवढंच काम. आणि नेमकी तुझ्या मजुरांच्या गावची मंडई निघाली. ते काही तुला सुट्टी मागायला आले नव्हते, तूच त्यांना सांगितलंस की जाऊन या, वर्षाची मंडई आहे, नाटक आहे, पाहुणे आले असतील, धान कुठे पळून जाते. दुसऱ्या दिवशी आभाळ फाटलं. पाणी ओसरेपर्यंत कापलेल्या लोंब्यांना कोंब आले होते. दादाने घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, “पोरगा चांगला आहे गा. पण कडपा मोकळ्या टाकून कोनी मंडई दाखवते का?” मला त्या वेळी तुझी बाजू घ्यायची होती. पण मला सारखा तो बदामचा पत्ता दिसत होता. तुझं मन मोठं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुझ्या मोठ्या मनाचा फायदा दर वेळी भलत्याच कुणाला होतो, आणि ज्याच्यासाठी तू थांबतोस त्याच्या हाती काही येत नाही. तुझ्या मजुरांना त्या वर्षी धान चुरण्याचं, मळणीचं काम मिळालं का? नाही ना?

आता स्टेशनचं लिहिते. हे मी लिहिणार नव्हते. तू गेलास त्या दिवशी दादा तिकिटाच्या रांगेत होता, आणि मी तुझ्या ट्रंकेवर बसले होते. बल्लारशाची गाडी लागली होती. मी आदल्या रात्रीपासून ठरवलं होतं की काही विचारायचं नाही, तूच बोलशील. तू पाण्याची बाटली भरून आणलीस, झाकण लावलंस, काढलंस, पुन्हा लावलंस. मग म्हणालास, “योगेश्वरी, तू शिकलेली. गोंदियाले चांगली नोकरी आहे. तुयं अजून पुष्कळ काही लागायचं आहे. मी कायले मधात येऊ?” आणि दादा तिकीट घेऊन आला. पुन्हा तेच! हापशीजवळचं तेच वाक्य, फक्त हात कोरडे. मी घरी येईपर्यंत स्कूटीवर काय काय पुटपुटत होते ते सांगितलं तर तू हे पत्र इथेच ठेवून देशील. मला काय लागायचं आहे ते तू कोण ठरवणार? मी कधी म्हटलं का, की मला आणखी पानं बघायची आहेत? आणि मी तुला एकदा तरी ‘ओमेश्वरभाऊ’ म्हटल्याचं आठवतं का तुला? वहिनीने मला कितीदा टोकलं, पोरीच्या जातीने नुसतं नाव घेऊ नये, भाऊ म्हणावं. मी ऐकलं नाही. गावातल्या सगळ्यांना मी भाऊ म्हणते, अगदी दूधवाल्यालाही. वहिनीला त्याचं कारण पहिल्याच महिन्यात कळलं. तुला तीन वर्षं आमच्या घरी जेवून कळलं नाही, की कळूनही तू भिंतीला टेकून बसलास, हे मला अजून उमगलेलं नाही.

आणि असं नाही की आपला हात हलका होता. आपल्या पोवारांत आधी कूर बघतात, एका कुळीत लग्न होत नाही, ती आपली वेगळी. घरं तोलामोलाची. दादाचा तू कॉलेजपासूनचा दोस्त. आई तुझ्या ताटात भात वाढताना माझ्याकडे बघायची आणि मग आणखी वाढायची. बाबा कुणाला चांगलं म्हणत नाहीत, त्यांनी तुला म्हटलं होतं, धान बुडाल्यावरसुद्धा. याहून चांगली तीन पानं कुणाला उघडून मिळतात? फक्त एकच होतं, की आमच्या घरात मुलीची मागणी मुलाकडून यावी लागते, घरातला वडीलधारा माणूस सोबत घेऊन. माझ्या आत्यापासून हेच चालत आलंय आणि बाबा त्यात तसूभर हलत नाहीत. म्हणजे बोलायची वेळ तुझी होती. मी वेणी ओढत बसण्यापलीकडे काय करणार होते?

तर तू थांबलास आणि पानं पडत गेली. दसऱ्याच्या सुमारास रायपूरहून विचारणा आली. मुलगा इंजिनियर, घरचे लोक मोकळे, आपल्यातलेच पण बोलतात हिंदी. मला त्याच्यात खोट काढता येत नाही, हीच अडचण आहे. त्याने स्वतः फोन केला. म्हणाला, “देखिए, मुझे घुमा-फिराके बोलना नहीं आता. आपकी फोटो देखी, आपके बारे में पूछा, मुझे रिश्ता पसंद है. आप भी साफ़ बता दीजिए.” बघ, याला म्हणतात बोली. हातात काय आहे, किती आहे, मला माहीत नाही, पण जे आहे ते त्याने उघड पुढे सारलं. मी फोन ठेवला आणि मला रडू आलं, ते त्याच्यामुळे नाही, तुझ्यावरच्या संतापाने. मंडईला यायचं त्यांचं ठरलं. आमच्या मंडईला निम्मी लग्नं जुळतात हे तुला सांगायला नको. पाहुणे रात्रीचा दंडारीचा खेळ बघायच्या निमित्ताने येतात आणि मुलीने केलेला चिवडा खात सगळं घर न्याहाळून जातात. आईने नवी पातेली काढली. मी शाळेत जात राहिले, घरी येऊन पेपर तपासत राहिले, आणि आठवड्याभरात तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुझा पंप सुरू होता. मी म्हटलं, आमच्याकडे पाहुणे येताहेत. तू म्हणालास, हो का, चांगलं आहे, बघू जमलं तर मीही येतो मंडईला. ‘जमलं तर’! घनश्याम असता तर त्याने पत्ते तुझ्या डोक्यात घातले असते.

परवा शनिवारी दुपारी आमच्या शेतावर पुंजणं रचायचं काम चाललं होतं. तुला बाबा माहीत आहेत. आभाळात रुमालाएवढा ढग दिसला की त्यांना दम निघत नाही. सकाळपासून सगळ्यांच्या मागे, “कायले थांबून राहिलात गा? बांधा, बांधा, वर पाहा जरा!” मजूर जेवायला बसले तरी हे वर चढून एकटेच रचत होते, म्हणून मी खालून भारे द्यायला लागले. पुंजणं अर्ध्यावर आलं होतं. पुंजणं रचणारा माणूस मधेच उतरत नाही, मधे सोडलं की एका अंगाला झुकतं. मी ते बघूनच वेळ साधली, हे नाकारत नाही. मी म्हटलं, बाबा, रायपूरवाल्यांना नाही म्हणून कळवा. ते वरून म्हणाले, “काऊन व? पोरगा खराब आहे का?” मी म्हटलं, पोरगा चांगला आहे, मला ओमेश्वरशी लग्न करायचंय. बाबा हातातला भारा तसाच धरून उभे राहिले. खाली धनवंतावहिनी पाण्याची घागर घेऊन आली होती, तीही उभी राहिली. वरून एक विमान गेलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याचे आभार मानले, कारण ते जाईपर्यंत कुणाला काही बोलता येत नव्हतं. मग बाबांनी ओरडून नाही, अगदी हळू विचारलं, “त्याच्याकडून कोनी बोललं का?”

ओमेश्वर, आता इथे नीट वाच. मी म्हटलं, हो. मी म्हटलं, ओमेश्वरचे केशोरावकाका मंडईच्या दिवशी सकाळी मागणी घालायला येणार आहेत, सोबत ओमेश्वरही, तसा निरोप आलाय. इतकं सगळं मी एका दमात म्हटलं. वहिनीच्या हातातली घागर डचमळली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. बाबांनी हातातला भारा जागेवर बसवला. मग हात खाली करून म्हणाले, “भारा दे.” पुंजणं पूर्ण झाल्यावर ते उतरले, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर रायपूरला फोन लावून हात जोडल्यासारख्या आवाजात सांगितलं की पोरीचं दुसरीकडे ठरतंय, माफ करा. म्हणजे तिकडची वाट बंद झाली. तुझ्या हातातली पानं घेऊन, तुला न विचारता, मी आख्ख्या ढिगाएवढी बोली लावून बसले आहे. हे पत्र त्यासाठी. मंडई रविवारी आहे. दादा खताच्या कामाने गुरुवारी तुमच्या बाजूला येतोय, हा लिफाफा तोच तुझ्या हातात देईल. त्याला वाटतंय मंडईचं आमंत्रण आहे, आणि तसं ते आहेही. तुला माझ्याशी लग्न करायचं नसेल तर रविवारी येऊन बाबांना तसं तोंडावर सांग, मी ऐकून घेईन, पानं टाकलेली मला कळतात. पण ‘पास’ म्हणायला येऊ नकोस, आणि माझं काय लागायचं आहे ते तर बिलकुल सांगू नकोस. यायचं असेल तर आजच काकांशी बोल, त्यांना यातलं काहीच माहीत नाही. वहिनी शनिवारपासून ओसरी सारवतेय. बाबा माझ्याशी अजून धड बोलत नाहीत, फक्त काल संध्याकाळी आपला बिनसाखरेचा कप हातात घेऊन जवळ आले आणि विचारलं, “केशोराव चहात साखर घेतेत का?” मी म्हटलं, नाही, तेही बिनसाखरेचाच घेतात. बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. ओमेश्वर, ते काही मला माहीत नव्हतं. पण तुझे काका साखर घेत असतील, तर रविवारी एक दिवस त्यांना तसाच प्यायला सांग.

तुझीच, हे तुझ्याआधी सगळ्यांना सांगून बसलेली,
योगेश्वरी